साडेचौदा वर्षं फौजेत, तरी पेन्शन नाही?

प्रश्न : नमस्कार सर, माझे वडील आर्मीत शिपाई होते. आजोबा अंथरुणाला खिळले म्हणून 14 वर्षं 4 महिन्यांनी स्वतःहून डिस्चार्ज घेऊन घरी आले. तेव्हा ग्रॅच्युइटी मिळाली, पेन्शन नाही. गावात सगळे म्हणतात दहा वर्षं भरली की पेन्शन बसते, मग आमचीच का अडली?

उत्तर : दहा वर्षांचा नियम सिव्हिल नोकरीचा, तो फौजेला लावू नका, गावच्या पारावर हा घोळ कायम होतो. जवान, हवालदार, जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) यांना सर्व्हिस पेन्शनसाठी 15 वर्षं लागतात आणि ऑफिसरला 20. तीही क्वालिफाइंग सर्व्हिस, म्हणजे विनारजा गैरहजेरी, जेलचे दिवस वगैरे वजा करून उरते ती. म्हणून आधी वडिलांचं डिस्चार्ज बुक काढा आणि त्यात नॉन-क्वालिफाइंगच्या जागी काय लिहिलंय ते नीट वाचा, तिथे दोन महिने जरी दाखवले असले तरी सगळं गणित फिरतं.

काही कापलेलं नसेल तर तुमची केस अगदीच गेलेली नाही. सर्व्हिस अर्ध्या-अर्ध्या वर्षांत मोजतात आणि वर तीन महिने किंवा जास्त उरले की अजून अर्धं वर्ष धरतात, म्हणजे 14 वर्षं 4 महिन्यांचे साडेचौदा झाले. राहिले सहा महिने, आणि बारा महिन्यांपर्यंतची तूट माफ करायची तरतूद आहे, त्याला कंडोनेशन म्हणतात. अडचण एवढीच की स्वतःहून घर गाठलेल्याला रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं आर्मीचं ऑफिस) बहुतेक वेळा नाहीच म्हणतं. पण तेवढ्यावर गप्प बसू नका, 2015 साली सुप्रीम कोर्टाने नेव्हीच्या एका सेलरची (नौसैनिकाची) 13 वर्षं 10 महिन्यांची सर्व्हिस 14 धरून कमी पडणारं एक वर्ष माफ केलं होतं. सुरेंद्र सिंग परमार केस म्हणून सांगा, वकिलाला लगेच कळेल.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज रजिस्टर पोस्टानेच पाठवा, आर्मी नंबर, रँक, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख लिहून, पोचपावती जपून ठेवा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत होते. नकार आला तर तो लेखीच मागा, कारण पुढे आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या नोकरी-पेन्शनच्या केस चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, तोच कागद लागतो, त्याचं मुंबईत बेंच आहे. उशीर झालाय म्हणून दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचीच देतात, तेव्हा आता अजून चालढकल नको.