कल, पक्षपात आणि पंक्तिप्रपंच

प्रश्न असा आहे: ‘विद्यापीठात प्राध्यापक वर्गात स्वतःची राजकीय मतं मांडतात, त्याला पूर्वग्रह म्हणावं की पक्षपात? आणि पक्षपात म्हटलं की अन्याय आलाच का?’

पूर्वग्रह मनात असतो, पक्षपात केला जातो. मनात पूर्वग्रह असूनही एखादा परीक्षक चोख गुण देऊ शकतो. ‘पक्ष’ म्हणजे मुळात पंख किंवा बाजू. पण राजकारणाच्या संदर्भात ‘पक्षपात’ वाचलं की उगाच कुणाचा तरी झेंडा डोळ्यांपुढे येतो. नुसता ओढा सांगायचा असेल तर ‘कल’ पुरतो. ‘सरांचा कल डावीकडे आहे’ ही माहिती झाली, तक्रार नव्हे.

तक्रार असेल तर ‘एकांगी’ म्हणा. १९९१च्या उदारीकरणावर तास घेताना परकीय चलनाचा खडखडाट नि गहाण पडलेलं सोनं रंगवून सांगायचं आणि त्या धोरणावरच्या आक्षेपांचा उल्लेखही करायचा नाही (किंवा नेमकं उलट), हे एकांगी शिकवणं. आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, आधी मांडायचा रिवाज होता, मग तो खुशाल खोडावा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरना एवढी सूटही मंजूर नव्हती. १९१७ साली म्युनिकमधल्या व्याख्यानात त्यांनी बजावलं की राजकारण व्याख्यानगृहात नको. मत सांगायचंच तर जिथे कुणी उलट बोलू शकेल अशा ठिकाणी, रस्त्यावर जाऊन सांगा. विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी त्या तासाला बसावंच लागतं, आणि तेही गप्प. मला हे कारण पटतं, सरसकट बंदी पटत नाही. मुलं उलट प्रश्न विचारू शकत असतील, तर वेबरच्या आक्षेपातली निम्मी हवा जाते.

खरा अन्याय उत्तरपत्रिकेत होतो, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार, शेजाऱ्याचा भात कोरडा. सरांच्या मताविरुद्ध मुद्देसूद लिहिणाऱ्या मुलीला सहा गुण आणि त्यांचीच री ओढणाऱ्या ढिसाळ उत्तराला नऊ, हा तोच प्रकार. इथे ‘अन्याय’ बेलाशक लिहा.

तुमच्या वाक्यात प्राध्यापक फक्त मतं मांडतात, तेव्हा तिथे ‘पक्षपात’ नको. आणि ‘पक्षपाती’ हे विशेषण शक्यतो माणसाला न लावता गुणदानाला, निवडीला किंवा वाचनयादीला लावावं. मग कशाबद्दल बोलतोय ते दाखवून द्यावं लागतं.