धंदा करायचा नाही, धंद्यांचा अभ्यास करायचा आहे

प्रश्न : माझी मुलगी अर्थशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला ‘नवोन्मेष, उद्योजकता आणि विकास’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. माझं म्हणणं, धंदा शिकायचा तर धंदा करावा, नाहीतर सरळ एमबीए करावं. ती म्हणते, मला धंदा करायचा नाही, धंद्यांमुळे देश कसे बदलतात ते शिकायचं आहे. अशा पदवीला नोकरी कोण देणार? – एक पालक

उत्तर : मुलीचं म्हणणं नेमकं आहे. तिला जे शिकायचं आहे तो एमबीएचा विषयच नाही. एमबीएत ग्राहक शोधणं, भांडवल उभारणं, रोकड सांभाळणं शिकवतात, आणि हे सगळं एका कंपनीच्या बाजूनं. तिला ज्या बाजूनं बघायचं आहे, तिथे एखादी कंपनी बुडाली तर ते वाईटच झालं असं नाही. जोसेफ शुम्पीटर यांनी 1942 मध्ये ज्याला ‘सर्जनशील विध्वंस’ म्हटलं ते हेच : नवं येतं तेव्हा जुनं मोडतं आणि अर्थव्यवस्था त्या उलथापालथीतून वाढते. फिलिप आघियों आणि पीटर हॉविट यांनी 1992 मध्ये ही कल्पना गणिती प्रतिमानात बसवली. 2025 चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना जोएल मोकीर यांच्यासोबत विभागून मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीचं नोबेल तर संस्थांवरच्या, म्हणजे कायदे, मालमत्तेचे हक्क, राज्यकारभाराचे नियम यांवरच्या कामालाच होतं. तेव्हा विषय आडवाटेचा आहे ही काळजी सोडा. नोकरीचा प्रश्न मात्र रास्त आहे.

त्याआधी एक गोष्ट तिच्यासाठी. विल्यम बॉमोल यांनी 1990 मध्ये मांडलेला मुद्दा तिनं प्रवेश घेण्याआधीच समजून घ्यावा. धडपडी माणसं प्रत्येक समाजात असतात. ती कारखाना काढतील, परवान्यांची दलाली करतील की खंडणी गोळा करतील, हे पैसा आणि मान कशात जास्त आहे यावर ठरतं. म्हणजे ‘उद्योजक वाढवा’ हे धोरण अर्धवटच आहे. आहेत ते उद्योजक कुठे वळतात, हा खरा प्रश्न, आणि तो नियमांचा प्रश्न आहे.

पण नियम आधी आणि उद्योग नंतर असंच होतं असंही नाही. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीनं मार्च 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली, तेव्हा मोबाइल कंपनीनं लोकांचे पैसे इकडून तिकडे पाठवावेत का, याबद्दल तिथे धड कायदाच नव्हता. मध्यवर्ती बँकेनं ‘हरकत नाही’ असं पत्र दिलं. व्यवस्था अशी की ग्राहकांचे पैसे कंपनीच्या स्वतःच्या पैशात मिसळायचे नाहीत, ते व्यापारी बँकेतल्या विश्वस्त खात्यात राहतील. देयक प्रणालीचा कायदा झाला 2011 मध्ये. तुमच्या मुलीची नोकरी बहुधा अशी पत्रं जिथे लिहिली जातात त्या टेबलावर असेल. परवानगी द्यायची का, कोणती अट घालायची, कोणती घातली तर धंदा जन्मायच्या आत मरेल, हे ठरवायला अभ्यास केलेली माणसं लागतात.

म्हणून जाहिरातीत ‘उद्योजकता’ हा शब्द शोधू नका, तो क्वचितच सापडेल. मध्यवर्ती बँका आणि वित्तीय नियामक (ब्रिटनच्या नियामकानं 2016 मध्ये ‘सँडबॉक्स’, म्हणजे नव्या सेवा देखरेखीखाली मर्यादित प्रमाणात आजमावून बघायची सोय, सुरू केल्यावर अनेक देशांनी तो कित्ता गिरवला), स्पर्धा आयोग, सांख्यिकी कार्यालयं, विकास बँका, इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्था), विद्यापीठांची तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयं (संशोधकांच्या शोधांची पेटंटं घेऊन ते उद्योगांपर्यंत नेणारी) : पदं इथे असतात आणि नाव बहुधा ‘अर्थतज्ज्ञ’ किंवा ‘विश्लेषक’ असं असतं. अशा ठिकाणी सिद्धांत घडाघडा म्हणून दाखवण्यापेक्षा समोर ठेवलेल्या आकड्यांतून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे सांगता येण्याला किंमत असते.

आणि बहुतेक विद्यार्थी घसरतात ते इथेच. एखाद्या देशात उद्योजकता किती, हे मोजायचे दोन रूढ आकडे आहेत. एक ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर या 1999 पासून चालू असलेल्या पाहणीचा. देशातल्या किमान 2,000 प्रौढांना विचारून, 18 ते 64 वयाच्या किती टक्के लोकांची धंदा उभारायची खटपट चालू आहे किंवा साडेतीन वर्षांच्या आतला धंदा आहे, ते काढतात. दुसरा आकडा जागतिक बँकेचा : कामाच्या वयातल्या दर हजार माणसांमागे वर्षभरात नव्यानं नोंदलेल्या मर्यादित दायित्वाच्या कंपन्या. गरीब देशांत पहिला आकडा अनेकदा भलामोठा असतो आणि दुसरा नगण्य. कारण नोकरी मिळत नाही म्हणून रस्त्यावर माल विकायला बसलेला माणूस पहिल्यात येतो, दुसऱ्यात तो दिसतही नाही. उलट कर वाचवायला काढलेली, एकही कर्मचारी नसलेली कागदी कंपनी दुसऱ्यात मोजली जाते. आकडा बदलला की ‘उद्योजकतेनं देश श्रीमंत होतो का’ याचं उत्तर उलटू शकतं. कोणता आकडा घेतला आणि का, हे ज्या प्रबंधात सुरुवातीलाच सांगितलेलं नाही, तो पुढे वाचण्यात अर्थ नसतो.

जुन्या प्रबंधांतून जागतिक बँकेची ‘डुइंग बिझनेस’ ही, कोणत्या देशात धंदा करणं किती सोपं हे सांगणारी क्रमवारी उचलायचा मोहही तिनं टाळावा. 2018 आणि 2020 च्या अहवालांतल्या आकड्यांत अनियमितता आढळल्यावर बँकेनं सप्टेंबर 2021 मध्ये तो अहवालच बंद केला.

कार्यकारणभाव सिद्ध करणं त्याहून कठीण. चांगल्या नियमांमुळे धंदे वाढले की धंदे वाढल्यावर त्यांनी चांगले नियम करवून घेतले? देशादेशांची सरासरी शेजारी मांडून हे कधीच सुटत नाही. मेक्सिकोत 2002 पासून झटपट नोंदणीची योजना एकेका नगरपालिकेत टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे योजना आलेल्या आणि न आलेल्या ठिकाणांतला आधीचा आणि नंतरचा फरक ताडून बघता आला. मिरियम ब्रून यांच्या 2011 च्या अभ्यासात नोंदणीकृत धंदे सुमारे 5 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. पण ही वाढ आधी पगारी नोकरी करणाऱ्यांनी धंदे काढल्यामुळे होती. विनानोंदणी धंदा करणारे नोंदणीकडे वळलेच नाहीत. नोंदणी सोपी केली की अनौपचारिक क्षेत्र आपोआप आटेल, ही समजूत अजूनही धोरणाच्या कागदांत सर्रास आढळते.

पदवीचा प्रकल्प अजून ठरला नसेल तर तिनं असंच काहीतरी करावं, आणि लहान करावं. एकच सुधारणा निवडायची, जी काही भागांत आधी आणि काही भागांत नंतर लागू झाली. सुधारणेआधीची निदान तीन-चार वर्षं आणि नंतरची तेवढीच, इतका डेटा जमवायचा. रेग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांतून काढायची पद्धत) चालवण्याआधी दोन्ही गटांच्या रेषा एका आलेखावर काढायच्या. सुधारणेआधीच त्या फाकत असतील तर ती तुलना सोडून द्यायची, कारण पुढचं सगळं गणित पोकळ ठरतं. जागतिक बँकेचा एंटरप्राइझ सर्व्हे, म्हणजे देशोदेशीच्या कंपन्यांची पाहणी, वापरला तर त्याच्या मुख्य पाहणीत पाच किंवा अधिक कर्मचारी असलेले, नोंदणीकृत धंदेच असतात हे विसरू नये. त्याच कंपन्यांची दुसऱ्यांदा पाहणी झाली असेल तर त्यात टिकलेल्याच उरतात, बुडालेल्या गळतात, आणि सरासरी आहे त्यापेक्षा गोड दिसते. अशा आकडेमोडीसाठी ‘आर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, महागड्या परवान्यासाठी अडून बसायचं कारण नाही.

आता तुमचा मुद्दा. धंदा केल्याशिवाय कळत नाही, हे अर्धं खरं आहे. पण त्यासाठी भांडवल घालून कंपनी काढायची गरज नाही. प्रवेशाआधी सहा महिने एखाद्या तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयात इंटर्नशिप केली तरी नियम आणि शोध एकमेकांना कुठे धडकतात ते दिसतं. संशोधक माहितीचा फॉर्म भरून देतो, जुन्या पेटंटांत शोध घेऊन कल्पना खरोखर नवी आहे का ते बघतात, मग पेटंटचा पहिला अर्ज. त्या तारखेपासून 12 महिन्यांत दुसऱ्या देशांत अर्ज केला तर पहिली तारीख धरली जाते. आंतरराष्ट्रीय अर्जाच्या मार्गानं गेलं तर देशोदेशी खर्च करायचा निर्णय साधारण 30 महिन्यांपर्यंत लांबवता येतो. बिघडतं ते बहुधा अगदी सुरुवातीला : संशोधक आधी परिषदेत निबंध वाचतो आणि नंतर या कार्यालयात येतो. अमेरिकेत स्वतः प्रसिद्ध केल्यानंतरही वर्षभराची सवलत आहे, युरोपात जवळपास नाही. तिथे शोधाचं नवेपण त्या भाषणानंच संपलेलं असतं.

अभ्यासक्रम निवडताना नावावर जाऊ नका. अर्थमितीचे (आर्थिक आकड्यांच्या संख्याशास्त्राचे) किमान दोन पेपर, ‘औद्योगिक संघटन’ (कंपन्या बाजारात कशा स्पर्धा करतात) या विषयाचा एक, कायदा आणि अर्थशास्त्राचा एक, आणि प्रत्यक्ष डेटावरचा प्रबंध एवढं असेल तर पदवीचं नाव साधं ‘अर्थशास्त्र’ असलं तरी चालेल, उलट नोकरी बदलताना ते सोयीचंच पडतं. पिचिंगच्या (गुंतवणूकदारांपुढे धंद्याची कल्पना मांडायच्या) स्पर्धा, यशस्वी संस्थापकांची व्याख्यानं आणि ‘नेतृत्वविकास’ यांनीच वेळापत्रक भरलं असेल तर तो एमबीएचाच पातळ केलेला अवतार आहे. तिथे तुमची शंका खरी ठरेल. अर्ज भरण्यापूर्वी तिनं विभागाला एक ईमेल टाकावा : गेल्या दोन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं आणि ते लिहिणारे आज कोणत्या पदावर आहेत, एवढंच विचारावं. दोन्ही याद्या मिळाल्या तर तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचा. मोघम उत्तर आलं तर दुसरा विभाग बघा.