वजन कमी करायचं तर भात सोडावाच लागतो का? रात्रीची खा-खा कशी आवरायची?

भात अजिबात सोडू नका. मी सात महिने सोडून बसले होते, म्हणून सांगते.

आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. माझं वजन ८१ झालं होतं तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या थोरल्या जाऊबाई भरल्या पंगतीत म्हणाल्या, "भात खाणारी बाई कधी बारीक होते का?" सासरे, दीर, मुलं, सगळी समोर. त्या दिवसापासून माझा भात बंद. दोन्ही वेळा दोन-दोन चपात्या. घरच्यांसाठी उकड्या तांदळाचा भात मीच वेळायची आणि त्याच्या वाफेनं जीव कासावीस व्हायचा.

रात्री अकराला घर निजलं की फडताळातला काजूचा डबा काढायची. काजू घरचेच, मोजतंय कोण? दिवा न लावता, उभ्यानंच तीन मुठी जायच्या. मूठ तीस ग्रॅमची धरली तरी पाचशे कॅलरी झाल्या. शिजलेल्या भाताची दीडशे ग्रॅमची वाटी दोनशेच्या आसपास, दोन चपात्याही जवळपास तेवढ्याच. म्हणजे भात सोडून वाचलं काहीच नव्हतं, वर काजू चढत होते. सात महिन्यांत एक किलोसुद्धा उतरला नाही.

सासूबाईंनी ओळखलं. "गो, तुझा पोट भरूक नाय. सकाळची पेज जेव आधी," एवढंच म्हणाल्या.

मग दहाच्या सुमारास वाडगाभर पेज आणि मुगाची उसळ सुरू केली. दुपारी भात एकच वाटी, सपाट भरून. टोप चुलीकडेच ठेवते, पानाशी आणला की हात डावाकडे जातोच. आधी बांगडा आणि भाजी, मग भात. आमटीच्या वाटपातलं खोबरं अर्ध्यावर आणलं, तिरफळं-कोकम होतं तेवढंच. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी असतात, पण भाताला बोल लावणारे तिकडे बघतच नाहीत. १४ महिन्यांत ६९ वर आले.

रात्रीच्या खा-खाचं म्हणाल तर मला तिचं मूळ दुपारच्या ताटातच दिसतं. दिवसभर पोट मारलं की ते रात्री वसूल करतं. तरीही खावंसं वाटलं तर बशीत काढून, दिवा लावून, बसून खा. आंब्याच्या दिवसांत मी रोज एक हापूस खाते, मुलांबरोबर, दुपारच्या जेवणात.

मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर भाताचं आणि आंब्याचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझं बघून नको.

आणि तुमच्या पानाकडे बघून कुणी बोललं तर तिथल्या तिथे उत्तर द्या. मी तेव्हा मान खाली घालून पानातला भात तसाच टाकून उठले, ते अजून सलतं.