आईवडिलांना घेऊन चार दिवस लिस्बनला चाललोय. मित्र म्हणतो, तिथे विशेष काही नाही, दोन दिवसांत आटपून पोर्टोला जा. काय करू?

‘विशेष काही नाही’ हेच वाक्य आमच्या धाकट्या भाऊजींनी लिस्बनमध्ये उभं राहून म्हटलं होतं. माझं डोकं तेव्हा फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून लिहितेय.

मी सांगलीची. मोहन रानड्यांचं नाव वडिलांच्या तोंडून ऐकतच मोठी झाले. ते मूळचे मनोहर आपटे, जन्म सांगलीचाच. गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि मुक्तिलढ्यात उतरले. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, 1960 मध्ये त्यांना पोर्तुगालला नेलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा सुटला. रानडे मात्र 1969 च्या जानेवारीपर्यंत लिस्बनजवळ काशियशच्या किल्ल्यात कोंडलेले. आपल्या सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढली होती, हे तरी आईवडिलांना नक्की आठवत असेल.

तर बेलें, म्हणजे लिस्बनचा नदीकाठचा भाग. तिथल्या जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरलं की डावीकडे वास्को द गामाची कबर, समोर कामोंइश कवीची (हा गोव्यात राहून गेलेला). भाऊजींनी गामासोबत फोटो काढायला रांग लावली. लावा बापडे. मी म्हटलं, परतताना अल्जुबे बघू. कॅथेड्रलला लागून आहे, अगदी 28 नंबरच्या ट्रामच्या वाटेवर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला राजकीय कैद्यांचा तुरुंग, 1965 मध्ये बंद झाला, 2015 पासून संग्रहालय आहे. यावर उत्तर काय, तर “वहिनी, एवढे पैसे खर्चून तुरुंग बघायला आलो का?”

मी एकटी गेले. आतल्या एकांतवासाच्या कोठड्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. माणसाला रात्रंदिवस त्यात ठेवायचे. वसाहतींतल्या लढ्यांबद्दलही तिथे बरंच मांडलंय, आणि आपल्याच राजवटीबद्दल पोर्तुगीज स्वतः इतकं स्पष्ट लिहितात याचं मला कौतुक वाटलं. बाहेर येते तर भाऊजी कोपऱ्यावरच्या हॉटेलात. टेबलावर न मागता आलेले पाव, चीज नि ऑलिव्ह फुकट समजून सगळे संपवलेले, आणि आता बिलावरून वेटरशी हुज्जत. (तिथे असं आधी ठेवलेलं खाल्लं तर पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कोणी रागावत नाही.)

खरी ठिणगी दुसऱ्या दिवशी पडली. कास्काइशला समुद्र बघायला काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल जाते. सगळे डावीकडच्या खिडक्या धरतात, पाणी त्या बाजूला दिसतं म्हणून. याच गाडीच्या वाटेवर काशियश स्टेशन लागतं. तुरुंग अजून चालू आहे, आत जाता येत नाही, हे मला माहीत होतं. मला फक्त उतरून पाच मिनिटं उभं राहायचं होतं. भाऊजी म्हणाले, वेळापत्रक बिघडेल. मी उतरले. माझ्यामागून आमचे हे पण उतरले, बहुधा घरी गेल्यावर काय होईल याचा अंदाज घेऊन. पुढची गाडी पकडून आम्ही कास्काइशला पोचलो, समुद्र होता तिथेच होता. पण ‘वहिनींमुळे लिस्बन नीट झालं नाही’ हे आजतागायत प्रत्येक लग्नकार्यात ऐकतेय. ज्यांच्या फोनमध्ये गामाच्या कबरीचे फोटो आहेत आणि रानड्यांचं नाव ज्यांना माझ्याकडून कळलं, त्यांनी मला ‘नीट’ शिकवू नये.

तर तुमचं. चारही दिवस लिस्बनलाच द्या. 28 ची ट्राम सकाळी आठच्या आत पकडा. नंतर चेंगराचेंगरी आणि खिसेकापूंचं राज्य. आल्फामा ही टेकडीवरची जुनी वस्ती पायी फिरायची, पण उतरत्या बाजूने: वर पोर्ताश दु सोलच्या चौकापर्यंत ट्रामने जा, मग खाली या. रस्त्याचे दगड गुळगुळीत आहेत, आईंना चप्पल घालू देऊ नका. कार्मोच्या मठाचं छप्पर 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात पडलं ते त्यांनी तसंच उघडं ठेवलंय, ते बघाच. सिंत्रा या जवळच्या डोंगरातल्या गावाला लिस्बनच्या रोसियू स्टेशनवरून गाडी आहे, एक दिवस तिकडे गेला तरी चालेल.

अर्थात आईवडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुखत असतील तर वरचं निम्मं विसरा आणि नदीकाठी बसा. सोमवारी जेरोनिमोस आणि अल्जुबे दोन्ही बंद असतात, तो दिवस सिंत्राला ठेवा. शाकाहारी असाल तर हिरव्या भाजीच्या सूपवरही भरवसा नको, त्यात सॉसेजची चकती तरंगते. मार्तीं मोनीश चौकाच्या आसपास भारतीय, नेपाळी दुकानं आहेत, पोटाची सोय होते. ते प्रसिद्ध कस्टर्डचे टार्ट अंड्याचे असतात, आईंना आधीच सांगा.

पोर्टोला मी गेलेले नाही. भाऊजी जाऊन आलेत, सां बेंतू स्टेशनच्या निळ्या फरश्यांचे फोटो अजून फॅमिली ग्रुपवर येतात. तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे म्हणे, फक्त तुरुंग नाही ना एवढी त्यांनी आधी खात्री करून घेतली होती.