सही न केलेली चिठ्ठी

तुम्ही लिहिलंत की ऑक्टोबरात टेक्सासला, प्लेनोला यायचं नक्की झालंय. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. नाशिकला सासूबाईंनी कुठेतरी ऐकलं की इथल्या शाळांत वर्गाच्या भिंतीवर बायबलातल्या आज्ञा लावतात, आणि त्या घाबरल्यात. खाली तुमचा प्रश्न: "ताई, तिथे सरकार आणि धर्म वेगळे आहेत ना? मग नोटेवर देवाचं नाव कसं?" या एका ओळीने माझी दोन रात्री झोप उडाली. व्हिसा, विमा, घरभाडं याबद्दल कंपनी सांगेलच. मी शाळेचंच लिहिते.

आधी सासूबाईंना सांगा, पोरांना कुणी बाटवणार नाही. मी मिरजेची. आमच्या गावचं मिशन हॉस्पिटल अमेरिकन मिशनऱ्यांनी उभं केलेलं. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथेच झालं, त्यामुळे येशूच्या नावाची भीती आमच्या घरात कधी नव्हती. इथली गोष्ट वेगळी आहे आणि ती कळायला मला सात वर्षं लागली.

हातात एक डॉलरची नोट आली की उलटी करून बघा. वरती मधोमध 'इन गॉड वुई ट्रस्ट', देवावर आमचा भरवसा. उजवीकडे गरुड आहे, त्याच्या चोचीतल्या फितीवर लॅटिनमध्ये 'इ प्लुरिबस युनम', अनेकांतून एक. हे दुसरं जुनं, १७८२ च्या राजमुद्रेवरचं, आणि त्यात देव नाही. देवाचं वाक्य यादवी युद्धात आलं. १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पाद्र्याने अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की आपल्या नाण्यांवर देवाचं नाव हवं, आणि १८६४ मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर ते उमटलं. देशाचं अधिकृत ब्रीदवाक्य मात्र ते १९५६ मध्ये झालं, रशियाशी शीतयुद्ध चालू असताना. देव न मानणाऱ्या कम्युनिस्टांपेक्षा आपण वेगळे, हे दाखवायचं होतं. कागदी नोटांवर ते १९५७ पासून आहे. शाळेत रोज म्हणतात त्या प्रतिज्ञेत, प्लेजमध्ये, 'अंडर गॉड' हे शब्दही १९५४ मध्येच घातले. मूळ प्रतिज्ञा १८९२ ची, तिच्यात ते नव्हते.

कोर्टात यावर भांडणं झाली. १९७० मध्ये एका अपील न्यायालयाने सांगितलं की नोटेवरचं वाक्य देशभक्तीचं, समारंभापुरतं आहे, त्याचा धर्म स्थापण्याशी संबंध नाही. मला हे पटलेलं नाही. मी रोज संध्याकाळी दिवा लावणारी बाई आहे. देवाचं नाव घेतलं आणि त्याला काही अर्थ नाही, असं कुणी म्हटलं तर आधी भाविकाला लागायला हवं.

आणि खरोखर लागलं ते भाविकांनाच, हे मला फार उशिरा समजलं. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीबद्दल १८०२ मध्ये पत्र लिहिलं ते कनेटिकटमधल्या बाप्टिस्ट मंडळींना. तिथे दुसऱ्या पंथाचं वर्चस्व होतं म्हणून ते कावले होते. प्रतिज्ञा म्हणायची सक्ती कुणावर करता येत नाही हा सुप्रीम कोर्टाचा १९४३ चा निकाल वेस्ट व्हर्जिनियातल्या 'यहोवाचे साक्षीदार' पंथाच्या मुलींमुळे लागला. आपल्या टेक्सासातच, सँटा फे गावात, फुटबॉलच्या सामन्याआधी लाउडस्पीकरवर प्रार्थना व्हायची. ती २००० मध्ये थांबवली एका मॉर्मन आणि एका कॅथलिक कुटुंबाने. नावं जाहीर होऊ नयेत म्हणून त्यांना टोपणनावाने खटला लढावा लागला.

आता शाळेची सकाळ. आधी अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा, मग टेक्सासच्या झेंड्याची (तिच्यातही २००७ पासून 'अंडर गॉड' आहे), मग एक मिनिट शांतता. त्या मिनिटात प्रार्थना करा, नाहीतर नुसते बसा, कुणी विचारत नाही. शाळेच्या प्रवेश अर्जावर वंश विचारतात, धर्माचा रकाना नाही.

तो रकाना नाही हे पाहून मला केवढं बरं वाटलं होतं! कारण त्याच महिन्यात मी आपल्याकडच्या कागदांशी झुंजत होते. २०१६ मध्ये नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज लागला आणि वकिलाने तयारी म्हणून जन्मदाखले मागितले. माझ्या जन्मनोंदीत नावाच्या जागी फक्त 'मुलगी'. मग नावाची नोंद नसल्याचा दाखला, मामा आणि मोठी आत्या यांची प्रतिज्ञापत्रं, नोटरी, त्यात आत्याची सही बँकेतल्या सहीशी जुळेना म्हणून पुन्हा सगळं. पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडला, त्यावर ठळक धर्म आणि जात. भाषांतर करणाऱ्याने तेही इमानेइतबारे इंग्रजीत उतरवलं. तुम्ही निघण्याआधी चौघांचे जन्मदाखले नावासकट, इंग्रजीत, घेऊनच निघा. एवढं एक काम टाळू नका.

फाइल टेबलावर पसरलेली असताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये, मुलगी एक कागद घेऊन आली. सातवीत होती. वर्गातल्या एका मुलाने तिला म्हटलं होतं, तू 'अंडर गॉड' म्हणतेस, पण तुझा गॉड तो नव्हेच. ती म्हणाली, "आई, मग मी रोज खोटं बोलते का?" तिने स्वतःच शोधून काढलं होतं की टेक्सासच्या कायद्यात पालकांनी लेखी विनंती केली तर शाळेला मुलाला प्रतिज्ञेतून सूट द्यावीच लागते, कारण देण्याची गरज नाही. चिठ्ठी तिने टाइप करून आणली होती. दोन ओळी, खाली रेघ, रेघेखाली माझं नाव.

मी सही केली नाही. तिला म्हटलं, बाळा, आपले कागद अडकलेत, आत्ता कुणाच्या नजरेत नको. त्याच महिन्यात कॅन्ससमध्ये, ओलेथा गावातल्या एका बारमध्ये, आपल्या एका इंजिनिअर मुलाला "माझ्या देशातून चालता हो" म्हणत गोळी घातली होती. घराघरात भीती होती. वर मी हेही म्हटलं की त्यात काय एवढं, ओठ हलवायचे. हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर!

हे बोलताना मला आमची मिरजेची शाळा आठवली नव्हती, आता रोज आठवते. दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं. बांगडीवाल्या चाचांची मुलगी माझ्या बाकावर बसायची. तिची सरस्वती सगळ्यांत रेखीव, बाई तिची पाटी सगळ्या वर्गाला दाखवायच्या. घरी ती काय सांगायची, पाटी पुसून न्यायची का तशीच, मी कधी विचारलं नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातही लिहिलंय की सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला पूजेत सामील व्हायला लावता येत नाही. तिच्या आईला हे कुणी सांगितलं असेल?

एकटेपणाचं विचारलंत. होतो, वर्षभरात जातो. डॅलस परिसरात मराठी मंडळी भरपूर, गणपती बसतात, मोदकाची पिठी मिळते. पुढे चला.

सासूबाईंनी ऐकलं ते खरं आहे. २०२१ च्या कायद्याने, कुणी 'इन गॉड वुई ट्रस्ट'चा फलक भेट दिला तर शाळेला तो लावावा लागतो. डॅलसजवळच्या साउथलेकमध्ये २०२२ मध्ये एका पालकाने तेच वाक्य अरबीत लिहिलेला फलक देऊ केला, तर आधीचेच पुरेसे आहेत म्हणून शाळा मंडळाने घेतला नाही. आणि २०२५ च्या कायद्याने प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक, किमान १६ बाय २० इंच. त्याविरुद्ध सोळा कुटुंबं कोर्टात गेली, त्यात ख्रिस्ती, ज्यू, देव न मानणारे, आणि आपले हिंदूही. त्याच वर्षी ऑगस्टात सॅन अँटोनिओच्या न्यायाधीशांनी त्यांच्या शाळा-जिल्ह्यांपुरती स्थगिती दिली, पुढे अपील झालं. तुमच्या शाळेत काय आहे ते प्रवेशाच्या दिवशी तोंडी विचारा. विचारल्याने व्हिसा जात नाही.

त्या बातमीत हिंदू कुटुंब वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. त्यांनी सही केली होती.

तुमच्या मुलांना प्रतिज्ञा म्हणायला आवडत असेल तर म्हणू द्या, पुष्कळांना आवडते, त्यात काही वाईट नाही. पण मुलगी बारा वर्षांची आहे, कधीतरी विचारेल. तेव्हा तिला हवं असेल तेच लिहून द्या, तुमचे कागद कुठल्याही टप्प्यावर असोत. आमचं कार्ड अजून आलेलं नाही. गेल्या वर्षी मुलगी एकवीस पूर्ण झाली आणि आमच्या अर्जातून तिचं नाव गळलं. आता ती विद्यार्थी व्हिसावर आहे. ज्या कार्डासाठी तिला ओठ हलवायला सांगितले, ते तिच्या वाट्याला आलंच नाही.

तिने टाइप केलेली चिठ्ठी आत्याच्या प्रतिज्ञापत्रामागे, त्याच निळ्या फाइलमध्ये आहे. तुमचं पत्र आल्यावर काढून पाहिली. तारखेची जागाही तिने सोडली होती.