रिपोर्टवर छापलेलं वय आधी बघा

ताई, तुमच्या पोस्टमध्ये ‘बाळ ९ महिन्यांचं, ३४व्या आठवड्यात झालेलं, मेंदूच्या एमआरआय रिपोर्टात डिलेड मायलिनेशन’ (म्हणजे मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण चढायला उशीर) हे वाचलं आणि आमचा देवगडातला तो पावसाळा आठवला. मी डॉक्टर नाही, आंबेवाला आहे. पण रिपोर्टच्या माथ्यावर वय काय छापलंय ते आधी बघा.

आमची मुलगी तेव्हा ७ महिन्यांची, तीही ७ आठवडे आधी झालेली. स्कॅन सेंटरच्या काउंटरवर ‘कॉम्प्युटर महिने घेत नाही’ म्हणून सरळ १ वर्ष टाकलं. मी बघितलं आणि गप्प बसलो. पोर उपाशी रडत होती, एकदाचा नंबर लागू दे म्हटलं. ते गप्प बसणंच भोवलं, आमच्याही रिपोर्टात डिलेड मायलिनेशन आलं.

नवजात बाळाच्या मेंदूत पांढऱ्या-करड्या भागाची छटा मोठ्यांच्या उलटी दिसते. मायलिन चढतं तसं चित्र पालटतं, खालून वर, मागून पुढे. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात साधारण वर्षभरात मोठ्यांसारखं दिसतं, टी-२ प्रकारच्या चित्रात २ वर्षांच्या आसपास. मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे कॉर्पस कॅलोसमचा, मागचा भाग टी-१ वर चौथ्या महिन्याच्या सुमारास उजळतो, पुढचा सहाव्या. आमचीचं करेक्टेड वय (जितके आठवडे आधी झाली तितके वजा करून) साडेपाच महिने, पुढचा भाग उजळणार कुठून? वर्षाच्या बाळात तेच दिसलं असतं तर शंका रास्तच होती.

फोन केला तर ‘रिपोर्ट गेला, आता बदलत नाही’. भर पावसात दोनदा फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं, दोन्ही वेळा ‘साहेब नाहीत’. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, आईने देवळात गाऱ्हाणंही घातलं. दोन महिन्यांनी लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टनी सीडी लावली, जन्माचे आठवडे विचारले आणि दहा मिनिटांत म्हणाले, वयाला धरून आहे.

म्हणून सीडी मागाच. नुसत्या फिल्मा आपल्याकडच्या दमटात एकमेकींना चिकटतात.

माझं मत विचाराल तर घाई नसताना ६ ते १२ महिन्यांत स्कॅन करूच नये. त्या काळात दोन्ही छटा एकमेकींत मिसळतात, वाचणं अवघड. अर्थात ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

तुमच्या बाळाचं करेक्टेड वय साडेसात महिने होतं. ते फॉर्मवर लिहून तीच सीडी पुन्हा वाचून घ्या. झटके येत असतील किंवा जमणारं विसरत असेल, तर मात्र माझं काही ऐकू नका, आजच दवाखाना गाठा.