हांगझोऊच्या सरोवराची दहा दृश्यं एका दिवसात बघून होतात का?

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरमध्ये कामासाठी शांघायला जाताय, एक दिवस मोकळा आहे, तर हांगझोऊच्या शीहू म्हणजे पश्चिम सरोवराची ती प्रसिद्ध दहा दृश्यं त्यात उरकतील का. सरळ सांगतो, नाही उरकणार. पण त्यात एका दिवसाचा दोष कमी आणि नोव्हेंबरचा जास्त आहे.

मी इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यात, शाओशिंगच्या केछ्याओ मार्केटला माल बघायला जाणं होतं आणि तिथून हांगझोऊ जवळच, त्यामुळे तीन-चारदा जाऊन आलोय. (आपल्या अविनाश साबळेने २०२३ च्या एशियन गेम्समध्ये स्टीपलचेसचं गोल्ड मारलं ते हेच गाव.) पहिल्यांदा मीपण मोबाइलमध्ये यादी घेऊन टिक करत फिरलो, संध्याकाळी मोजलं तर सहा ठिकाणी पाय लागले होते आणि बघितलं म्हणावं असं एकच. कारण ही मुळात नुसती ठिकाणं नाहीतच. नावं बघा ना, सू बांधावरची वसंतातली पहाट, शांत सरोवरावरचा शरदाचा चंद्र, तुटक्या पुलावरचा उरलेला बर्फ, लेइफंग पॅगोडावरचं मावळतीचं ऊन, नानपिंगची सांजेची घंटा. जागा आहेच, पण तिला ऋतू नाहीतर वेळ चिकटवलेली आहे. चिनीत प्रत्येक नाव बरोब्बर चार अक्षरांचं, आणि वसंतातल्या पहाटेसमोर शरदाचा चंद्र अशा जोड्या लागतात. दक्षिण सोंग राजघराण्याची राजधानी इथे होती, ११३८ ते १२७६, त्या काळात चित्रकारांनी आणि कवींनी ही नावं रूढ केली. तशी गावोगावी आपापली आठ नाहीतर दहा दृश्यं ठरवायची फॅशनच होती, बीजिंगची आठ आहेत, जपानपर्यंत हे लोण गेलं.

मग १६९९ मध्ये चीनचा कांगशी बादशहा आला, त्याने दहाही नावं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली, ती दगडात कोरून प्रत्येक ठिकाणी उभी केली. तेव्हापासून जागा पक्की झाली आणि लोक दगडाचा फोटो काढून पुढे जायला लागले, मीपण त्यातलाच. बरं या बादशहाने नावांत हातपण मारला, सांजेच्या घंटेची पहाटेची घंटा केली, पण लोकांनी काही ते घेतलं नाही, आजही सगळे सांजेचीच म्हणतात. मासे बघायच्या बागेतला दगड मात्र थांबून बघा. मासा या चिनी अक्षराच्या जुन्या रूपात खाली चार ठिपके असतात, इथे तीनच आहेत. माझ्यासोबत जो एजंट होता त्याने बोटाने मोजून दाखवले. चार ठिपके म्हणजे विस्तव, तीन म्हणजे पाणी, मासा विस्तवावर कशाला ठेवायचा म्हणून बादशहाने एक ठिपका गाळला अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण ठिपके तीनच आहेत.

आता तुमचा दिवस. शांघायच्या होंगछ्याओ स्टेशनवरून फास्ट ट्रेनने साधारण तासाभरात हांगझोऊ ईस्ट, तिथून मेट्रोची एक नंबर लाइन पकडून लोंगशियांगछ्याओला उतरा, पाच-दहा मिनिटांत तुम्ही पाण्याजवळ. काठाकाठाने उत्तरेला गेलं की तुटका पूल. तो तुटलेला वगैरे काही नाही, चांगला धडधाकट कमानीचा दगडी पूल आहे, उन्हाकडच्या बाजूचा बर्फ आधी वितळतो आणि लांबून पूल मधेच तुटल्यासारखा दिसतो असं एक कारण देतात. नोव्हेंबरात बर्फाचं नाव काढू नका, हिवाळ्यातसुद्धा नशिबात असेल तरच. तिथून सरोवरातला बाई नावाचा बांध धरून चाला, तो संपतो तिथे शरदाच्या चंद्राची जागा, पुढे कमळांची बाग. कमळं जुलै-ऑगस्टमध्ये, तुम्हाला वाळके देठ मिळतील, मला तेपण आवडले पण तुम्ही चिडाल.

मग सू बांध, २.८ किलोमीटर, सहा पूल, हा पूर्ण चालाच, गाडीत बसू नका. हा बांध म्हणजे गाळ आहे गाळ! १०८९ मध्ये सू दोंगपो हा कवी इथला मोठा अधिकारी म्हणून आला तेव्हा सरोवर पाणवेलींनी निम्मं भरत आलं होतं, आपल्या पंचगंगेत जलपर्णी माजते तसंच समजा. त्याने ते साफ केलं, निघालेला गाळ नेऊन टाकायचा कुठे, तर सरोवरातच उत्तर-दक्षिण रस्ता बांधून टाकला. आणि पुन्हा वेली माजू नयेत म्हणून कडेकडेचं पाणी शिंगाडा लावायला दिलं, कारण शिंगाडेवाला आपलं पाणी आपणच साफ ठेवतो, पण तो आत आत सरकू नये म्हणून खोल पाण्यात तीन दगडी खुणा उभ्या केल्या. म्हणजे अतिक्रमणाची हद्दच की! त्या खुणांवरूनच पुढे तीन तळ्यांतल्या चंद्राचं दृश्य झालं. आत्ताचे दगडी मनोरे नंतरच्या मिंग काळातले, पोकळ, प्रत्येकाला पाच गोल भोकं, मध्य-शरदाच्या पौर्णिमेला आत दिवा लावून भोकांवर पातळ कागद लावला की पाण्यात एकाच वेळी कितीतरी चंद्र. बेटावर बोटीने जाता येतं.

दुपारी चारच्या आत दक्षिण टोकाला पोचा. अख्ख्या चीनचं घड्याळ एकच आणि हांगझोऊ पडलं पूर्वेला, त्यामुळे नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य गायब. पहिल्या वेळी मी इथेच माती खाल्ली, ४० युआनचं तिकीट काढून लेइफंग पॅगोडावर चढलो (चढलो म्हणजे सरकत्या जिन्याने आणि लिफ्टने) आणि वर गेल्यावर लक्षात आलं की मावळतीच्या उन्हातला पॅगोडा बघायचा तर पॅगोडावर असून कसं चालेल. पूर्वेकडे छांगछ्याओ बाग आहे, तिथून बघा, सूर्य पॅगोडाच्या मागे जातो.

तसा हा पॅगोडा २००२ चा. मूळचा दहाव्या शतकातला, तो २५ सप्टेंबर १९२४ ला कोसळला. लोक त्याच्या विटा काढून न्यायचे, घरात ठेवली की बाधा टळते, मुलगा होतो अशी समजूत, एकेक करत पायाच पोखरला. जुन्या विटांचा ढीग आत काचेमागे ठेवलाय, मला नव्या पॅगोडापेक्षा तोच जास्त बघण्यासारखा वाटला. याच पॅगोडाखाली पांढऱ्या नागिणीला कोंडलं होतं ही गोष्ट तिथे शेंबड्या पोरालापण माहीत आहे, आपल्या इच्छाधारी नागिणीसारखीच, तुटक्या पुलावर माणसाच्या प्रेमात पडली आणि एका भिक्षूने तिला पकडून इथे आणून गाडलं. पॅगोडासमोर रस्त्यापलीकडे चिंगत्झ मठ, सांजेची घंटा तिथलीच. मला ती एकदाच ऐकायला मिळाली, अंधार पडता पडता, आणि वर म्हटलं ते एक दृश्य हेच.

यादीतली ढगांत घुसलेली दोन शिखरं सोडून द्या, दगड रस्त्याकडेला आहे आणि समोर झाडं. त्यापेक्षा वेळ उरला तर त्याच बाजूचं लिंगयिन देऊळ करा, चौथ्या शतकात हुएली नावाच्या भारतीय भिक्षूने वसवलं असं मानतात, समोरची टेकडी बघून तो म्हणाला म्हणे की ही तर आमच्याकडची, इकडे उडून कशी आली. नाव अजून तेच आहे, उडून आलेली टेकडी. पण एका दिवसात हे आणि सू बांध दोन्ही केलंत तर पाय मोडतील.

१ ते ७ ऑक्टोबरला चुकूनही जाऊ नका, तुटक्या पुलावर तेव्हा पूल दिसत नाही, डोकीच दिसतात. आणि एक युआनची कागदी नोट शांघायमध्येच कुणाकडून तरी मागून खिशात ठेवा, आता सगळे मोबाइलनेच पैसे देतात त्यामुळे नोट सापडत नाही, तिच्या मागे तेच तीन मनोरे छापलेत, बेटावर जो तो नोट समोर धरून फोटो काढत असतो आणि मी दोनदा जाऊन दोन्ही वेळेला नोट विसरलोय.